मथुराक्काचे दगड

मथुराक्का माझी थोरली जाऊ. आधी एका घरात आणि मग बांधाला बांध लावून आम्ही जन्म काढला, पण तेवढ्या काळात तिने मला एकदाही शहाणी म्हटलं नाही. "तुला काय कळतं" हे तिचं पालुपद. चहात साखर किती, सुनेला माहेरी कधी धाडायचं, कांदा कधी काढायचा, कशातच मला काही कळत नव्हतं. थोरली म्हणून तोंडावर मी तिला शेवटपर्यंत अहोजाहो केलं. इथे मात्र मी तिला 'ती'च म्हणणार आहे. एवढं तरी माझ्या मनासारखं होऊ दे.

नाशिकच्या खालच्या अंगाला गोदावरीच्या काठी आमचं गाव. आम्ही नदीला गंगाच म्हणतो. नाशकात दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं की पाहुण्यांचे फोन येतात, आणि आम्ही काठावरच्या पंपांच्या मोटारी वर काढायला पळतो. बाकीचं गाव पळायचं तेव्हा मथुराक्का उलटी नदीकडे जायची. डोक्यावर खताच्या गोणीची खोळ, हातात काठी, आणि काठावर जाऊन उभी. कुणी ओरडलं, आक्का मागे या, तर म्हणायची, "मी बघू राहिले ना!" जणू तिने डोळे वटारले की नदी वरमणार होती.

तिला मातीचं वेड होतं. मला वेड म्हणायचंय, प्रेम नाही. तिच्या शेताच्या तोंडाशी बांधावर एक बादली भरलेली असायची. शेतातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाने तिथे पाय धुवायचे, आणि ते पाणी आतल्या बाजूला, शेतातच सांडायचं. चपला काडीने खरवडायच्या. मजूर बाया तिला हसायच्या, पण पाय धुवायच्या. एकदा शेतकी खात्याचे एक साहेब कांद्यावरचा रोग बघायला आले. रोग बघून झाला, साहेब जीपकडे निघाले, तर ही खराटा घेऊन आडवी.

"साहेब, बूट झाडा."

साहेबांना वाटलं म्हातारी थट्टा करते. ते हसले.

"हसू नका. आमची माती घेऊन कुठं चालले तुम्ही?"

शेवटी त्या माणसाने जीपच्या पायरीवर बसून बूट काढले आणि एकावर एक आपटले. मी बांधावर उभी राहून लाजेने मेले. ती मात्र खाली वाकून ढेकळं गोळा करत होती.

कांदा काढला की तेच. बाकीचे लोक कांदा ट्रॉलीत भरून मोकळे होतात. हिच्याकडे प्रत्येक कांदा हाताने चोळून माती शेतात झाडायची. व्यापारी घड्याळ बघायचा. ती त्याला म्हणायची, "कांदे घेतले तुम्ही, शेत नाय घेतलं." मजूर बाया पुढच्या वर्षी दुसऱ्याच्या शेतात जायच्या आणि मथुराक्का मला दोष द्यायची, की माझ्याकडे कामाला माणसं लवकर का मिळतात.

या वेडाला कारण होतं, ते सांगितलं पाहिजे. सासरे गेल्यावर वाटणी झाली. आमच्यात थोरल्याने वाटे पाडायचे आणि धाकट्याने आधी उचलायचं, अशी पद्धत आहे. थोरले दीर नामदेवभाऊ हे गरीब माणूस, तेव्हा वाटे पाडले मथुराक्कानेच. नदीकाठच्या रानाचे तिने दोन तुकडे केले. वरचा तुकडा नदीच्या वळणावरचा, माती लोण्यासारखी. खालच्या तुकड्यात माती हलकी, पण तिथे सासऱ्यांनी बांधलेली विहीर. तिची खात्री होती की आम्ही माती बघून वरचा उचलणार. आमच्या ह्यांनी विहीर बघून खालचा उचलला. विहिरीत तिचा हिस्सा ठेवू, असंही ते म्हणाले. तर ती म्हणाली, "नको. पाणी पिऊन ढेकर द्या." आणि स्वतःच्या रानात तिने बोअर घेतलं.

पहिल्या दोन-तीन पावसाळ्यांतच कळलं, की वळणावरचा तुकडा म्हणजे नदीच्या ताटात वाढलेला घास आहे. पाणी सरळ येतं आणि वळणाच्या बाहेरच्या काठावर आपटतं. काठ खालून पोखरतो. आणि गंमत अशी, की पूर चढलेला असतो तेव्हा काठ उभा असतो. पूर ओसरला, आपण निःश्वास टाकला, ऊन पडलं, की मग ओली जड माती आपल्याच वजनाने ढासळते. आधी जमिनीवर केसाएवढी चीर दिसते. मग तिच्यात बोट जातं. मग जेवायला बसलेलं असताना धप्प असा आवाज येतो. तो आवाज आला की मथुराक्का ताटावरून उठायची. ती परत आली की नामदेवभाऊ विचारायचे, "किती गेलं?" ती म्हणायची, "जेवा तुम्ही." आणि दिवसभर माझ्याशी भांडायची. जणू माझी विहीरच तिचा काठ खात होती.

मग तिला दगडांचं सुचलं. कुणी सांगितलं नाही, तिचं तिलाच. तिने फर्मान काढलं, की आपल्याकडे येणाऱ्या माणसाने येताना एक दगड आणायचा आणि काठाखाली टाकायचा. साखर नको, केळी नको, दगड आणा. त्र्यंबकेश्वराला निघालेल्या माणसाने विचारलं, आक्का, प्रसाद काय आणू, तर म्हणायची, "दगड आण. तिकडं डोंगरच्या डोंगर पडलेत." दगड न आणता आलेल्या माणसाला चहा मिळायचा, पण बशीशिवाय. मी शेजारी राहत होते, दिवसातून तीनदा माझं जाणं-येणं, तरी मलाही सूट नव्हती. विळी मागायला गेले तरी हातात धोंडा. माझ्या दारातले दगड संपले तेव्हा मी तिच्याच बांधावरचा उचलून तिलाच दिला. तिने तो ओळखला.

तिच्या मंगलला बघायला मालेगावकडची माणसं यायची होती. मथुराक्काने निरोप धाडला, येताना एकेक दगड आणा. त्या बिचाऱ्यांना वाटलं, ही आमच्या घराण्याची काही रीत असणार. आलेल्या पाहुण्यांत मुलाची आई होती. तिने पिशवीतून खणात गुंडाळलेला गुळगुळीत दगड काढला. धुतलेला, हळदकुंकू वाहिलेला. तो पाटावर ठेवून नमस्कार केला. आम्हीही केला, काय करणार. मथुराक्का आतून आली, तिने दगड उचलला, हातात तोलून बघितला, म्हणाली, "लहान हाय, पण चालंल." आणि तशीच परसदारातून काठावर गेली. आम्ही सगळे तिच्या मागे. तिने तो नदीत भिरकावला.

"देव फेकी दिना वं!" मुलाची आई किंचाळली आणि मटकन खाली बसली.

तिला पाणी पाजून, सगळं समजावून सांगता सांगता नाकी नऊ आले. मुलाचा बाप मात्र पोट धरून हसत होता. तो म्हणाला, या बाईच्या घरातली मुलगी काही वाया जाऊ देणार नाही. लग्न जमलं. पुढे जावई सासुरवाडीला यायचा तो मोटारसायकलच्या डिकीत दोन दगड घेऊनच.

अशी वर्षं गेली आणि दगडांची एक सोंड नदीत शिरली. मोडकीतोडकी, पण पाणी अडवायला पुरेशी. आणि मथुराक्काचा काठ खरंच थांबला. थांबला एवढंच नाही, सोंडेच्या आडोशाला पाण्याचा जोर मोडायचा, पाणी तिथे घोटाळायचं आणि अंगातला गाळ खाली टाकायचं. दर पावसाळ्यात एक थर. बघता बघता तिथे मळई तयार झाली. काळी, मऊ, पाय घोट्यापर्यंत रुतावा अशी. मथुराक्काने तिच्यावर वांगी लावली. ती वांगी तिने गावभर वाटली. माझ्या दारात टोपली ठेवून म्हणाली, "नदीनं परत केलं बघ. तुम्ही म्हणू राहिला होता ना, बाई वेडी हाय."

वांगी चांगली होती. ते मी तिला सांगितलं नाही.

मग आमचा काठ जाऊ लागला. इतकी वर्षं आमच्या तुकड्याला नदीने कधी हात लावला नव्हता. आता विहिरीच्या पुढची जमीन दर पावसाळ्यात आत येऊ लागली. आधी निंबाचं झाड गेलं. मग पाइपलाइन उघडी पडली. आमची सगळी द्राक्षबाग त्या विहिरीवर, दुसरं पाणी नाही. माझा मुलगा अशोक काठावर उभा राहून विहिरीकडे बघायचा आणि घरात येऊन बायकोवर ओरडायचा. मी मथुराक्काला सरळ सांगितलं, "आक्का, तुमच्या दगडांनी पाणी आमच्या अंगावर घातलंय."

"माझे दगड माझ्या रानाखाली. तुझ्या काठाला काय हात लावला मी?"

"पाणी वळवलं ना तुम्ही."

"तुला काय कळतं!"

त्या दिवाळीत मंगलची पोरगी सोनल आजोळी आली होती. ती तेव्हा नाशकात कॉलेजात भूगोल घेऊन शिकत होती. मी तिला पकडलं आणि आजीसमोर उभं केलं. पोरगी हुशार. म्हणाली, "आजी, समोरच्या काठाला बघ, कातळ आहे. तुझ्या सोंडेने पाणी तिकडे ढकललं. कातळ काही झिजत नाही लवकर. पाणी त्याला घासून जोरात परत या काठाला येतं, ते बरोबर काकीआजीच्या विहिरीखाली. जोराचं पाणी माती उचलतं. तुझ्याकडे हळू झालं म्हणून टाकतं. नदी तेवढंच करते, इथून उचलते आणि तिथं टाकते."

"पाणी काय गोट्या खेळू राहिलं का, तिकडं आपटून इकडं यायला?" मथुराक्का म्हणाली. "तुझ्या पुस्तकवाल्यांना म्हणावं, आमच्या वाटणीच्या वेळी कुठं होते?"

त्यावरून आमचं वाजलं. मी तोंडाला येईल ते बोलले, तीही बोलली. नंतर आम्ही अबोला धरला. म्हणजे मी धरला. ती बोलतच होती, फक्त भिंतीकडे तोंड करून. "काही लोकांना पाणीबी पाहिजे आणि मातीबी पाहिजे," असं ती आमच्या भिंतीला ऐकवायची.

पुढच्या पावसाळ्यात धरणातून पाणी सोडलं. पूर नव्हता, पण नदी दुथडी भरून चालली होती. सकाळी मी विहिरीजवळ उभी होते. चीर पडलीय का ते बघत होते. वर बघते तर मथुराक्का आपल्या सोंडेच्या टोकाला, कमरेला पदर खोचून उभी. हातात बाजरीच्या सरमाडाची पेंढी. तिने ती पाण्यात टाकली आणि काठाकाठाने चालू लागली. पेंढी पलीकडे गेली, कातळाला घासून खाली आली, आणि तिरकी होत होत आमच्या काठाला लागली. विहिरीच्या बरोबर खाली येऊन गरगर फिरू लागली.

मथुराक्का माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. माझ्याकडे बघितलं नाही. पेंढी फिरत होती, आणि काठाची ओली माती तिच्यावर मुठीमुठीने पडत होती.

ती परत गेली. दुसरी पेंढी टाकली. तीही तिथेच आली. तिला वाटलं असावं, पेंढी चुकली असेल. ती पेंढ्या टाकतच राहिली. शेवटी नामदेवभाऊ गोठ्यातून ओरडत आले, "अगं, सगळं सरमाड नदीत घातलं! म्हशीपुढं काय टाकू, तुझं डोकं?"

"टाका," मथुराक्का म्हणाली आणि घरी गेली. मला एक शब्द बोलली नाही. भिंतीलाही बोलली नाही. तो सगळा पावसाळा आमच्या भिंतीला शांतता होती, आणि मला ते काही बरं वाटलं नाही.

उन्हाळ्यात नदी आटल्यावर एके सकाळी जेसीबीचा आवाज आला. मथुराक्का सोंडेवर उभी राहून ड्रायव्हरला हात करत होती. नामदेवभाऊ डोक्याला हात लावून बांधावर बसले होते. "जन्मभर गोळा केले," ते मला म्हणाले, "आता काढू राहिली. सांगा तिला काही."

मी गेले. म्हटलं, "आक्का, सगळे नका काढू. टोक तेवढं काढा. तुमची मळई तरी राहील."

"टोक काढून निम्मं राहिलं तर निम्मं पाणी तुझ्याकडं येईल. तुला काय कळतं."

"मग ते दगड आमच्या काठाला लावू. विहीर पक्की होईल."

तेव्हा ती माझ्याकडे वळली. कितीतरी महिन्यांनी. "आणि मग खालचे लोक काय करतील? त्यांच्या दारात जाईल ना पाणी. परत पेंढ्या टाकत बसू का मी?"

अशोक मागे उभा होता. त्याला दगड आपल्या काठाला हवे होते, तो तोंड उघडणार होता. मी त्याला डोळ्याने गप्प केलं.

दगड रस्त्याकडेला ढिगाने पडून राहिले आणि हळूहळू ज्याला त्याला लागतील तसे गेले. पहिल्याच पावसाळ्यात मळई गेली. वांग्यांची झाडं उभ्याउभ्या पाण्यात बसली. दुसऱ्या पावसाळ्यात मूळ रानाचा काठ पुन्हा पडू लागला, धप्प, धप्प, जेवणाच्या वेळी. आमची विहीर राहिली. तिच्या पुढची गेलेली जमीन काही परत आली नाही, पण काठ आता तिथेच थांबला आहे. बागेला पाणी आहे.

आणि मग माझे खरे हाल सुरू झाले. मथुराक्का येईल त्या पाहुण्याला हाताला धरून आमच्या विहिरीवर आणायची. "ही विहीर मी ठेवली." द्राक्षं निघाली की टोपली घेऊन हजर. "आधी मला. विहीर कुणी ठेवली?" मी म्हणायचे, "आक्का, घालवायलाही तुम्हीच निघाला होता." ती म्हणायची, "घालवली का? नाय ना? मग?" माझ्या सुनेच्या माहेरचे आले, त्यांनाही विहीर. माझ्या नातवाच्या बारशाला जमलेल्या बाया पाळणा सोडून विहीर बघायला गेल्या. मी तिला एकदाही नीट काही बोलले नाही त्याबद्दल. तिने जागाच ठेवली नव्हती. मी तोंड उघडायच्या आत तीच सगळं बोलून घ्यायची.

ती गेली त्याच्या आधीच्या हिवाळ्यातली गोष्ट. पलीकडच्या काठाला, आमच्या खाली एक वळण टाकून एक गाव आहे, तिथे एका नात्यातल्या बाईची भेट घ्यायची होती. दोघींनी मिळून रिक्षा केली. पूल ओलांडून काठाच्या रस्त्याने जाताना मथुराक्काने अचानक ड्रायव्हरच्या पाठीत काठी टोचली. "थांब रे."

तिथे वळणाच्या आतल्या अंगाला रुंद मळई पसरली होती. काळीभोर. कुणीतरी मेथी केली होती. एक बाई खाली बसून जुड्या बांधत होती. मथुराक्काचे गुडघे तेव्हा पार गेले होते. तरी ती माझ्या खांद्याचा आधार घेत उतरणीवरून खाली गेली. जाता जाता मला चारदा म्हणाली, नीट धर.

ती वाकली, मूठभर माती घेतली, चोळली, बोटांतून सोडली.

मी म्हटलं, "आक्का, वर नाशिकपासून कितीतरी गावांची माती येते या नदीत. यात तुमची कुठली असणार?"

"असंल की थोडी," ती म्हणाली.

मग ती त्या बाईकडे वळली. "बाई, तुमची का ही मळई?"

"हो आजी. दोन-चार वर्षांत आलीय. आधी नव्हती काही."

"मेथी काय लावली? कांदा लावा. ही माती कांद्याची हाय. आणि पाणी कमी द्या, हिला लय पाणी लागत नाय. पालापाचोळा जाळू नका हिच्यावर, कुजवा."

ती बाई आधी चकित झाली, मग माझ्याकडे बघून हसली. म्हातारी माणसं बोलतात, तसं. मथुराक्का सांगतच राहिली. वाफे कसे पाडायचे, कडेला निरगुडी कशी लावायची, पहिला पाऊस पडल्यावर आत का जायचं नाही. वर रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. मी तिचा हात ओढला. "चला आक्का, तो सोडून जाईल आपल्याला."

"जाऊ दे त्याला. बाई, मी काय म्हणाले, कांदा."

"लावू आजी, पुढच्या वेळी लावू." त्या बाईने मेथीची एक जुडी पुढे केली. "घ्या, घरी न्या."

मथुराक्काने जुडी घेतली. उलटी केली. मुळांना माती चिकटलेली होती. ती तिथेच वाफ्यावर खाली बसली, गुडघे धरून, कण्हत, आणि एकेक मूळ बोटांनी झाडू लागली. वरून हॉर्न वाजतच होता. मी तिच्या डोक्यावर उभी राहून बडबडत होते. ती झाडत होती.